हस्तस्वर आणि पोथींतील स्वरचिन्हें

आमच्या लहानशा संग्रहांत शुक्लयजुर्वेदाच्या माध्यंदिन संहितेच्या सुट्या पत्रांचा एक जुडगा आहे. पत्रांस आदि नाहीं, अंत नाहीं, लेखकाचें नांव अथवा शक दाखविणारी पुष्पिका नाहीं. सबब त्यांच्या काळाविषयीं आम्ही येथें कांहीं एक प्रतिपादन करीत नाहीं. कागद जुना, अक्षर काळ्या शाईचें व स्वरचिन्हें तांबड्या शाईचीं आहेत. भाईंदर पश्चिमेस आमच्या राहत्या जागीं खाडीवरील दमट वाऱ्यांत हीं पत्रें फार दिवस टिकणार नाहींत असें दिसून आल्यावरून आम्हीं त्यांची नक्कल करण्यास घेतली, आणि त्या नकलेंत एक ढोबळ चूक केली. ती चूक कशी झाली व कोणीं दुरुस्त केली हें सांगितल्याखेरीज प्रस्तुत विषयाचें महत्त्व वाचकांच्या ध्यानांत यावयाचें नाहीं, म्हणून आरंभीं तेंच सांगतों.

आमचा परिचय मुख्यत्वें ऋग्वेदाच्या पोथ्यांशीं. ऋग्वेदाच्या पोथींत अक्षराखालीं आडवी रेघ असली म्हणजे तें अक्षर अनुदात्त, डोक्यावर उभी रेघ असली म्हणजे स्वरित, आणि उदात्त अक्षर कोरें, हा नियम संग्राहकांस सुपरिचित आहे. माध्यंदिन संहितेंतही सामान्यतः हीच रीति असल्यामुळें आम्ही निर्धास्तपणें नक्कल करीत गेलों. पुढें 'वीर्य' हा शब्द आला. 'वी' ह्या अक्षराखालीं आडवी रेघ होतीच. पण 'र्य' ह्याच्या खालींही एक तांबडें चिन्ह होतें, आणि तें सरळ नसून टोंकाशीं आकडीसारखें वळलेलें होतें. लेखकाचा बोरू घसरला असावा असें समजून आम्हीं नकलेंत ती रेघ सरळ केली. अशी आकडी पुढें आणखी कित्येक ठिकाणीं आढळली. वास्तविक एकच प्रमाद पुनःपुन्हां होऊं लागला म्हणजे तो प्रमाद नव्हे असा संशय यावयास पाहिजे होता. परंतु तसा तो आला नाहीं. प्रत्येक ठिकाणीं आम्हीं रेघ सरळ केली आणि समासांत 'लेखकप्रमाद' असा शेराही मारून ठेविला!

ठाणें व वसई ह्या भागांतील पळशीकर ब्राह्मण शुक्लयजुर्वेदी माध्यंदिन शाखेचे आहेत. नाशिक, मराठवाडा व वऱ्हाड ह्या बाजूंस यजुर्वेदी देशस्थांतही हीच शाखा चालते. नक्कल पुरी होत आली तेव्हां खाडीपलीकडील एक वृद्ध माध्यंदिन वैदिक कांहीं कामानिमित्त आमच्याकडे आले होते. त्यांच्यापुढें नकलेचीं पानें ठेवून, अशुद्धें दिसल्यास दाखवावीं, अशी आम्हीं विनंति केली. ते मोठ्यानें म्हणेनात. ओंठ किंचित् हलत होते, आणि उजवा हात मात्र अक्षरागणिक खालीं, वर व बाजूस जात होता. 'वीर्य' शब्दाशीं हात थबकला.

"अहो, येथें हात अडतो," ते म्हणाले. "मूळ पान आहे का?"

मूळ पान त्यांच्या हातीं दिलें. त्यांनीं तें डोळ्यांजवळ धरिलें आणि हंसून म्हणाले, "ही रेघ नव्हे. हात कलवा म्हणून खूण आहे ही." मग तो शब्द त्यांनीं मोठ्यानें म्हणून दाखविला. 'वी' म्हणतांना हात खालीं आला. 'र्य' म्हणतांना तो वर गेला नाहीं, सामान्य स्वरितास जातो तसा नुसता बाजूसही गेला नाहीं, तर श्राद्धांत पिंडावर पाणी सोडतांना जसा अंगठ्याच्या बाजूस कलतो तसा तिरपा झाला. आमचा शेरा त्यांनीं वाचला कीं नाहीं हें आम्हांस कळलें नाहीं; वाचला असल्यास त्याविषयीं ते कांहीं बोलले नाहींत.

ते गेल्यावर आम्हीं कात्यायनाचें वाजसनेयि-प्रातिशाख्य काढून पाहिलें. त्याच्या पहिल्याच अध्यायांत, स्वर हे हातानें दाखवावे, आणि चार प्रकारचे स्वरित हात तिरपा करून दाखवावे, असें विधान आहे. अकराव्या शतकांत भोजराजाच्या अमदानींत झालेला भाष्यकार उवट त्या तिरप्या हाताचें स्पष्टीकरण करितांना पितरांस उदक देण्याच्या क्रियेचाच दृष्टान्त देतो. खाडीपलीकडील वैदिकांनीं प्रातिशाख्य वाचलें होतें असें त्यांच्या बोलण्यावरून दिसलें नाहीं. जें भाष्यांत शब्दांनीं लिहिलेलें आहे तें त्यांच्या मनगटांत होतें, आणि तांबड्या शाईची आकडी म्हणजे त्या मनगटाचेंच चित्र होय. स्वतंत्र स्वरित, म्हणजे ज्याच्या मागें उदात्त नाहीं असा स्वरित, माध्यंदिन संहितेंत डोक्यावरील रेघेनें न दाखवितां अक्षराखालील आकडीनें दाखवितात. पुढील अक्षर उदात्त असल्यास आकडीचें रूप बदलतें. हें युरोपीय व्याकरणकारांनीं मागेंच नोंदवून ठेविलें आहे. आम्हीं तें वाचलेंही होतें. परंतु वाचलेलें आठवलें नाहीं आणि पाहिलेलें विसरलें जात नाहीं, हा आमचा अनुभव.

ह्या तिरप्या हातास उच्चाराच्या दृष्टीनेंही अर्थ आहे. 'वीर्य' हा शब्द आज आपण दोन अक्षरांचा म्हणतों. ऋग्वेदांतील छंद मोजूं लागल्यास अनेक ठिकाणीं तो तीन अक्षरांचा, 'वीरिय' असा घेतल्यावांचून चरण पुरा होत नाहीं. मूळचा उदात्त इकार यकारांत लोपला आणि त्याचा चढ पुढच्या अकारावर येऊन तेथेंच उतरला. असा एकाच अक्षरांत चढून उतरणारा जो स्वर तोच हा स्वतंत्र स्वरित. जिभेवरून एक अक्षर गेलें, परंतु हाताच्या दुहेरी हालचालींत त्याची जागा राहिली. भाषेच्या इतिहासाचा असा पुरावा कागदावर क्वचितच सांपडतो.

हस्तस्वर म्हणजे काय ह्याची कल्पना नसलेल्या वाचकांकरितां थोडा खुलासा करणें अवश्य आहे. शिक्षाग्रंथांत हाताच्या दोन पद्धति दिसतात आणि त्यांचा घोटाळा होतां कामा नये. एकींत सबंध हात चालतो. पाणिनीय शिक्षेंत अनुदात्ताचें स्थान हृदय, उदात्ताचें मस्तक, स्वरिताचें कानाचें मूळ व प्रचयाचें सर्व मुख असें सांगितलें आहे; माध्यंदिन वैदिकांचा हात ह्याच धोरणानें अनुदात्तास खालीं, उदात्तास वर व स्वरितास बाजूस जातो. किती वर व किती बाजूस ह्याचें माप मात्र घराण्याघराण्यांत निराळें असतें, आणि आमचेंच खरें असा आग्रहही प्रत्येक घराण्यांत असतो. दुसऱ्या पद्धतींत हात स्थिर राहून अंगठा तेवढा चालतो. अंगठ्याचें टोंक तर्जनीच्या मुळाशीं लागलें म्हणजे उदात्त, मधल्या बोटावर प्रचय, अनामिकेवर स्वरित व करंगळीवर अनुदात्त. ही पद्धतिही पाणिनीय शिक्षेंतच आहे. तींत हात मांडीवर ठेवूनही चालतें.

त्याच शिक्षेंत हस्तहीन अध्ययन करणारास हीन योनीची भीति घातली आहे आणि हातासह स्वर, वर्ण व अर्थ सांभाळून म्हणणारास ब्रह्मलोकाचें आश्वासन दिलें आहे. अधम पाठकांची जी सहा जणांची यादी तींत आहे तिच्यांत गाऊन म्हणणारा, घाईनें म्हणणारा, मान हलविणारा, अर्थ न जाणणारा व दुबळ्या आवाजाचा ह्यांच्याबरोबर 'लिखितपाठक', म्हणजे पोथी पाहून म्हणणारा, हाही बसविलेला आहे. पोथ्या जमविणाऱ्या आम्हां मंडळींस ही यादी फारशी सुखावह नाहीं. परंतु मान हलविणारास अधम ठरविणारी हीच शिक्षा हात हलविण्यास आवश्यक मानते, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. मान हलते ती बेसावधपणें. हात चालतो तो नियमानें, असा भेद शिक्षाकारास अभिप्रेत असावा असें आम्हांस वाटतें.

आतां प्रश्न असा कीं, हाताची ही यातायात कशासाठीं? स्वर चुकल्यानें अर्थ कसा फिरतो ह्याचें त्वष्ट्याच्या 'इंद्रशत्रु' शब्दाचें उदाहरण महाभाष्यापासून प्रसिद्ध आहे. पण आमच्या मतें मराठी मुलखांत हाताचें खरें कार्य ह्याहून साधें व रोजचें आहे. मराठी घरांतील बटूस संस्कृत ही मातृभाषा नव्हे. ती त्याची दुसरी भाषा होय, आणि दुसऱ्या भाषेचे उच्चार शिकतांना पहिली भाषा जिभेस जी ओढ लावते तिचा प्रतिकार नुसत्या कानानें होत नाहीं.

मराठीची सर्वांत मोठी ओढ शब्दाच्या शेवटीं आहे. आपण 'राम' लिहितों व 'राम्' म्हणतों. शेवटचा अकार मराठी जिभेनें केव्हांच टाकून दिला. संस्कृतांत तो टाकून चालत नाहीं. 'गच्छत' म्हणजे 'तुम्ही जा', आणि 'गच्छत्' म्हणजे 'जाणारें'. मराठी मुलाच्या तोंडीं हे दोन्ही शब्द एक होतात, आणि त्यास आपण चुकलों हें कळतही नाहीं, कारण त्याच्या कानासही ते एकच वाटतात. येथें माध्यंदिन परंपरेचा हात पुढें येतो. पदान्तीं हलन्त व्यंजन आलें म्हणजे त्याची ठराविक मुद्रा करावी असा याज्ञवल्क्यशिक्षेचा व तदनुसारी वैदिकांचा संप्रदाय आहे. मकारास मूठ मिटावयाची, तकारास तर्जनी व अंगठा ह्यांचें कडें करावयाचें, नकारास नखस्पर्श. अकारान्त शब्दास मुद्रा नाहीं, हात उघडाच राहतो. म्हणजे 'गच्छत्' म्हणतांना बोटांचें कडें होतें आणि 'गच्छत' म्हणतांना होत नाहीं. मुलानें 'गच्छत' म्हणतांना अकार गिळला तर गुरूच्या कानास शंका येण्यापूर्वीं मुलाच्या हातासच अडचण पडते: जीभ थांबली, पण बोटें मिटलीं नाहींत. मकाराचेंही तसेंच. मूठ मिटते तेव्हां ओंठही मिटतात. एक क्रिया दुसरीची आठवण देते. ही योजना ज्यानें प्रथम केली त्याची मातृभाषा कोणती होती हें सांगतां येत नाहीं, परंतु पदान्त सैल सोडणाऱ्या भाषा बोलणाऱ्यांस ती अत्यंत सोयीची आहे एवढें खास.

दुसरी ओढ ऱ्हस्वदीर्घाची. मराठींत शब्दाच्या शेवटचे इकार व उकार दीर्घच ऐकूं येतात, आणि १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं संस्कृतांतून आलेल्या शब्दांचेही असे अंत्य स्वर दीर्घ लिहिण्याचें ठरवून लेखणीस जिभेच्या मागें नेलें. मराठीपुरतें तें ठीकच आहे. परंतु 'मति', 'गुरु' हे शब्द मंत्रांत दीर्घ म्हटले तर मात्रा वाढते व चरणाचा तोल जातो. मात्रा मोजण्यास शिक्षाकारांनीं पक्ष्यांच्या आवाजाचें माप दिलें आहे: चाष पक्षी एक मात्रा बोलतो, कावळा दोन, मोर तीन, व मुंगूस अर्धी. हें माप कानासाठीं झालें. हातासाठीं संथेचा ठेका आहे. गुरूनें एकदां सांगावें, शिष्यांनीं दोनदां म्हणावें, आणि तें एकाच चालीवर एकाच हातानें. चारपांच मुलें एकत्र म्हणूं लागलीं म्हणजे ज्याचा इकार लांबला त्याचा हात इतरांच्या मागें पडतो आणि तें सर्वांस दिसतें. जटा, घन ह्या पाठांत तींच पदें उलटसुलट जोडून पुन्हां पुन्हां म्हणावयाचीं असल्यामुळें प्रत्येक पदाचा शेवट निरनिराळ्या शेजाऱ्यांबरोबर घासून निघतो. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनीं १८७४ सालीं 'इंडियन अँटिक्वरी' ह्या पत्रांत तत्कालीन वैदिकांच्या ह्या अध्ययनाचें जें वर्णन केलें आहे तें ज्यांनीं वाचलें नसेल त्यांनीं अवश्य वाचावें.

ह्याच्या उलट मार्ग कसा असतो ह्याचेंही उदाहरण महाराष्ट्राच्या शेजारींच आहे. परकीय पाद्र्यांस मराठी व कोंकणी ह्या दुसऱ्या भाषा होत्या, आणि त्यांनीं उच्चार राखण्याचा भार हातावर न टाकतां अक्षरावर टाकिला. फादर स्टीफन्स ह्याचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांत राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्यांत ट, ड, ळ इत्यादि मूर्धन्य वर्ण दाखविण्यास रोमन अक्षर दुहेरी लिहिण्याची युक्ति केली आहे. आमच्या भाईंदरलगतच्या उत्तन, डोंगरी ह्या ख्रिस्ती गांवांच्या बाजूस, म्हणजे जुन्या साष्टी व वसई प्रांतांत, फ्रांसिस्कु व्हाज द गिमराइंश ह्यानें इकडच्या मराठींत रचलेलें व १६५९ सालीं लिस्बन येथें रोमन लिपींत छापलेलें पुराणही लोक गात असत. तेथें अक्षर अपुरें पडलें तरी ओवीच्या चालीनें निदान अक्षरसंख्या सांभाळली जाते. परंतु चाल ट आणि त ह्यांतला भेद सांगूं शकत नाहीं, तो अक्षरानेंच दाखवावा लागतो. ह्या पुराणांचा विचार स्वतंत्रपणें करण्याजोगा आहे. येथें एवढें पुरे.

हाताची स्तुति करितांना त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माध्यंदिन परंपरेचे स्वतःचे असे कांहीं उच्चार आहेत: षकाराच्या जागीं खकार, शब्दारंभींच्या यकाराच्या जागीं जकार, आणि श, ष, स, ह व र ह्यांपूर्वींच्या अनुस्वाराचा एक खास घुमारा, ज्यास पोथींत निराळें चिन्हच असतें. गुजरात, राजस्थान व हिंदुस्थानी प्रांतांतील पोथ्यांत 'लिखितं' ऐवजीं 'लिषितं' असें जें दिसतें त्याचें मूळ षकाराच्या अशाच उच्चारांत आहे. ह्यांतील एकही गोष्ट हातानें बदलली नाहीं, कारण हात स्वर व पदान्त ह्यांचाच पहारेकरी. शब्दाच्या मध्यें काय चाललें आहे इकडे त्याचें लक्ष नाहीं. मराठी माणूस ऋकाराचा 'रु', ज्ञकाराचा 'द्न्य' व तालव्य चकाराचा 'चमच्या'तला च करितो, त्यासही हात प्रतिबंध करीत नाहीं.

ह्याहून गंभीर गोष्ट अशी कीं, हात कधीं कधीं कंठाची जागाच घेतो. खाडीपलीकडील वैदिकांनीं तो शब्द मोठ्यानें म्हटला तेव्हां आम्हीं कान देऊन ऐकलें. त्यांचा आवाज जवळजवळ एकाच पट्टींत होता. चढउतार जो होता तो हातांत. मुद्दाम विचारल्यावर ते म्हणाले, "आमच्यांत असेंच. स्वर हातानें दाखवावयाचा." ऋग्वेदी वैदिकांचा प्रकार निराळा, त्यांचा आवाज स्पष्टपणें चढतो व उतरतो, मात्र सर्वांत उंच सूर उदात्ताचा नसून स्वरिताचा असतो. पुण्यास १८५९ ते १८६६ पर्यंत संस्कृताचे अध्यापक असलेले मार्टिन हौग ह्यांनीं येथील वैदिकांचें पठण स्वतः ऐकून वैदिक स्वरावर १८७४ सालीं जर्मन भाषेंत निबंध लिहिला, त्यांत व्याकरणांतील स्वर व ऐकूं येणारा स्वर ह्यांच्या ह्या विसंगतीचा ऊहापोह आहे. तेव्हां हस्तस्वरानें उच्चार सुधारतो असें सरसकट म्हणतां येणार नाहीं. शिकतांना तो सुधारतो. परंतु शिकून झाल्यावर हात जर एकटाच काम करूं लागला तर कंठ आळसावतो. संशोधकाचें मात्र ह्यांत नुकसान नाहीं. कंठानें सोडलेला स्वर हातानें राखिला नसता तर आमची आकडी कायमची 'लेखकप्रमाद' म्हणूनच राहिली असती.

हातानें सूर शिकविण्याची कल्पना केवळ आपल्याकडचीच आहे असें नाहीं. सामवेदाच्या नारदीय शिक्षेंत हातासच गात्रवीणा म्हटलें असून अंगठ्याच्या टोंकापासून करंगळीच्या खालपर्यंत सात स्वरांच्या जागा नेमून दिल्या आहेत. अकराव्या शतकांतील इटालियन गायनाचार्य ग्वीदो ह्याच्या नांवानें चालणारा 'हात' मध्ययुगीन युरोपांतील हस्तलिखितांत चित्रित केलेला आढळतो. त्यांत बोटांच्या पेऱ्यांवर स्वरांचीं नांवें लिहिलेलीं असतात. त्याच्या स्वतःच्या ग्रंथांत तें चित्र नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. यहुदी लोकांच्या तालमूदांत, उजव्या हातानें धर्मग्रंथाचे स्वर दाखवितात म्हणून त्या हाताचा मान राखावा, असा उल्लेख आहे. ह्या तिन्ही ठिकाणीं म्हणावयाची भाषा रोजच्या घरगुती व्यवहाराची नव्हती, ही समानता आम्हांस केवळ योगायोगाची वाटत नाहीं.

अलीकडे ह्या गोष्टीचे रीतसर प्रयोगही झाले आहेत. बार्सिलोना येथील पिलार प्रिएतो व त्यांचे सहकारी ह्यांनीं चिनी मुलांस फ्रेंच शब्द टाळ्यांच्या ठेक्यावर शिकविले, तेव्हां त्यांचे उच्चार नुसत्या ऐकून म्हणणाऱ्या मुलांपेक्षां सरस ठरले. आणि चिनी भाषेचे सूर शिकतांना हात सुराबरोबर वरखालीं नेल्याचा फायदा होतो असें त्यांनींच २०१९ सालीं प्रसिद्ध केलें. उलट जपानी भाषेंतील ऱ्हस्वदीर्घ स्वर कानानें ओळखण्याच्या कामीं शिक्षकाच्या हाताच्या खुणा पाहून विशेष लाभ झाला नाहीं, ओंठ पाहून झाला, असें हिराता व केली ह्या अमेरिकेंतील संशोधकांस २०१० सालीं आढळलें. आमच्या वैदिकांस हें कळल्यास ते म्हणतील कीं, दुसऱ्याचा हात पाहून काय होणार, स्वतःचा हलविला पाहिजे. आणि त्यांत तथ्य असावें, कारण बार्सिलोना येथील मंडळींच्या पुढील प्रयोगांत शिकणारांनीं स्वतः हात लांबविला तेव्हां त्यांच्या जपानी उच्चारांत सुधारणा दिसली, जरी कानानें ओळखण्याच्या कामीं हात न हलविणारांपेक्षां अधिक लाभ झाला नाहीं.

संग्राहकांस ह्यापासून घ्यावयाचें तें असें. पोथींतील स्वरचिन्ह हें शाखेच्या हाताशीं बांधलेलें असतें. एका शाखेचें ज्ञान दुसरीस लावूं नये. अक्षराखालील आडवी रेघ माध्यंदिन संहितेंत अनुदात्ताची आणि त्याच शाखेच्या शतपथ ब्राह्मणांत उदात्ताची आहे. डोक्यावरील उभी रेघ ऋग्वेदांत स्वरिताची, तर मैत्रायणी व काठक संहितांत उदात्ताची. सामवेदांत अक्षरावर १, २, ३ हे आंकडे अनुक्रमें उदात्त, स्वरित व अनुदात्त दाखवितात. आणि ऋग्वेदांतही स्वतंत्र स्वरितापुढें उदात्त आला असतां मध्यें १ किंवा ३ असा जो आंकडा येतो त्यास श्लोकाचा क्रमांक समजून यादींत घोटाळा होण्याचा संभव आहे. म्हणून नक्कल करितांना चिन्ह जसें आहे तसेंच, त्याच्या वळणासकट, उतरावें. सरळ करूं नये, आणि पानाचें छायाचित्र घेतल्यास तें रंगीत घ्यावें, कारण काळ्यापांढऱ्या चित्रांत तांबडी रेघ व काळा डाग ह्यांतला फरक नाहींसा होतो. पुणें येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची २००७ सालीं युनेस्कोनें जागतिक स्मृतिपटांत नोंद केली, आणि वेदपठणाच्या परंपरेस त्याच संस्थेनें २००३ सालीं गौरवून २००८ सालीं आपल्या यादींत घातलें. पोथी व कंठ ह्यांची अशी दखल घेतली गेली ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पठणाचीं जीं ध्वनिमुद्रणें होतात त्यांत हात येत नाहीं, आणि माध्यंदिन पठणाचें नुसतें ध्वनिमुद्रण म्हणजे, वर सांगितल्याप्रमाणें, अर्ध्याहून कमी पठण होय. ज्यांच्या गांवीं असा हात चालविणारे वैदिक अद्याप आहेत त्यांनीं त्यांचें चलच्चित्र घ्यावें. आणि तें घेतांना यंत्र तोंडासमोर न धरतां उजव्या हाताची बोटें स्पष्ट दिसतील असें धरावें.

आमच्याकडे आलेल्या वैदिकांस आम्हीं पुन्हां निरोप धाडिला आहे. नकलेंतील प्रत्येक आकडी मूळ पत्रावरून पुन्हां घातली, समासांतील शेरे खोडले. दोन ठिकाणीं मात्र मूळ पत्रास कसर लागून अक्षराखालचा भागच गेला आहे, आणि आम्हीं सरळ केलेली रेघ तेथें मूळची सरळ होती कीं वळलेली हें आतां कागदावरून ठरविणें शक्य नाहीं. त्या दोन जागा आम्हीं कोऱ्या ठेविल्या आहेत. ते आले म्हणजे त्यांचा हात तेथें कसा जातो तें पाहून त्या भरूं.